माळावरचं कीर्तन

“प्रतापशेठचं कीर्तन मी घेतलंय,” बुवा म्हणाले.

मी देवळाच्या ओवरीत बसून पेटीच्या पट्ट्या फडक्यानं पुसत होते. हात तिथंच थांबला.

“कुठलं कीर्तन?”

“माळावरचं. साहेब पाहणीला येणार आहेत ना, त्या दुपारी. शेठनं मांडव घातलाय, महाप्रसाद ठेवलाय. म्हणाला, बुवा, तुमच्याशिवाय शोभा नाही.”

“आणि तुम्ही हो म्हणालात.”

“देवाचं नाव घ्यायला कुणी बोलावलं तर नाही कसं म्हणायचं, कुंदा?”

मी पेटीचा भाता खाडकन लावून टाकला. “मग जा. शोभाच हवीय त्याला. सारा गाव मांडीला मांडी लावून बसलाय, टाळ वाजतायत, पुढ्यात पुरणपोळी आहे. साहेबाला वाटलं पाहिजे, लोक किती खुशीत आहेत. मी येणार नाही.”

“साथीला दुसरं कोण आहे मला?”

“तांबोळीकाकांचा तबला आहे. तेवढ्यावर भागवा.”

बुवांनी उपरण्यानं कपाळ पुसलं, देवाला हात जोडले आणि हळूहळू पायऱ्या उतरून गेले. त्यांच्या पाठीकडे पाहून मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. अच्युतबुवा खेडलेकर. याच ओवरीत लहानपणी त्यांनी माझी बोटं पेटीवर ठेवली होती. जगात काहीही होवो, बुवा गादीवर उभे राहिले, ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणून पहिला गजर झाला, की माझं मन ठिकाणावर यायचं. कीर्तन हे माझं माहेर होतं. आणि त्या माहेराचा कर्ता पुरुष आज प्रतापशेठ दुधाळ्याच्या मांडवात जाऊन उभा राहणार होता.

आमचं गाव बोरटेक. गावाच्या पूर्वेला विमानतळ. विमानतळ वाढत गेला तसा गावाला आवाज चिकटला. तरी गाव बाजूला होतं. खरा मार होता तो माळावर, कारण धावपट्टी सोडली की विमान थेट त्या माळावरून वर चढायचं. चाकंसुद्धा पोटात गेलेली नसायची. म्हणून तर सरकारच्या मूळ आराखड्यात त्या माळाला हिरवा रंग होता. तिथं शेती करा, फार तर गोदामं घाला, पण वस्ती, शाळा, दवाखाना बांधायचा नाही. कुणा शहाण्या माणसानं विचार करून रंगवलेला होता तो.

प्रतापशेठला तो रंग बदलून हवा होता. आमची शाळा रस्त्याला लागून, एसटीच्या थांब्यासमोर. मी तिथंच शिकवत होते. रस्ता रुंद झाल्यापासून त्या जागेवर शेठचा डोळा होता. त्यानं पंचायतीपुढं मांडलं की जुनी शाळा मोडकळीला आली आहे, ती जागा मला द्या, मी माळावर दुमजली नवी कोरी शाळा बांधून देतो. वर्गात पंखे, मुलींना वेगळी मोरी, मैदान. लोक हुरळले. पंखे कुणाला नको होते? मीच एकटी ओरडत राहिले की अरे, तिथं विमानाखाली पोरं शिकणार कशी? एकदा बोरं वेचायला पहिलीची मुलं माळावर नेली होती. डोक्यावरून विमान गेलं आणि माझ्या हातातला चिमुकला हात असा काही आवळला गेला की नखं रुतली. खाली पाहिलं तर पोरीचा फ्रॉक ओला झाला होता. ती रडतही नव्हती. तोंड उघडं होतं, आवाज निघत नव्हता.

मी हरकत नोंदवली. शहरात नगररचनेच्या कचेरीत सुनावणी झाली. काचा घट्ट लावलेल्या, थंड हवा सोडलेली, बाहेरच्या रस्त्याचा भोंगासुद्धा आत येत नव्हता. तिथं बसून मोहरील साहेबांनी माझं ऐकलं. माणूस सभ्य होता. आवाज चढवायचा नाही, ‘मॅडम’ म्हणायचा. म्हणूनच जास्त राग यायचा.

“साहेब,” मी म्हणाले, “आताच्या शाळेतसुद्धा विमान गेलं की शिकवणं थांबवावं लागतं. मुलांना सवय झालीय. विमान आलं की वाचत असतील त्या शब्दावर बोट ठेवतात. आवाज गेला की बोटापासून पुढं वाचतात.”

“वा,” साहेब हसले. “छान शिस्त आहे की.”

“शिस्त नाही साहेब ती. बोट ठेवलेल्या शब्दाच्या मागचं सगळं विसरतात मुलं. आणि माळावर याच्या कितीतरी पट—”

“मॅडम, प्रगती म्हटली की थोडा आवाज येणारच. दोन-तीन सेकंद थांबायचं. त्यात काय?”

प्रतापशेठ शेजारच्या खुर्चीत पाय हलवत बसला होता. त्यानं मान डोलावली. “बाई हळव्या आहेत, साहेब. पेटी वाजवतात ना. कान नाजूक.”

खोलीत सगळे हसले. ‘त्यात काय’ हे दोन शब्द मी त्या दिवशी गिळून घरी आणले. जेवताना, झोपताना ते घशाशी यायचे.

तरी मी हट्टानं म्हणाले होते, प्रत्यक्ष माळावर येऊन ऐका. साहेबांनी मान्य केलं. पाहणी ठरली. पण वेळ ठरली दुपारची. त्या हंगामात धावपट्टीचं डांबरीकरण चालू होतं. दुपारची जेवणं झाली की पट्टी बंद व्हायची आणि शाळा सुटायच्या सुमाराला पुन्हा उघडायची. तेवढा वेळ आभाळात कावळासुद्धा निवांत उडायचा. हे शेठला ठाऊक होतं. गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मी साहेबांना फोन लावला.

“दुपारी विमानं नसतात, साहेब. सकाळी या.”

“मॅडम, तुम्हाला पाहणी हवी होती. ती देतोय. आता वेळेलाही हरकत?”

फोन ठेवला गेला. आणि त्या पाहणीच्या दुपारी बुवा तिथं कीर्तन करणार होते.

मी येणार नाही म्हणाले होते, पण गेले. पेटीशिवाय बुवांना उभं राहिलेलं मला बघवलं नसतं. आणि खरं सांगायचं तर मला त्या साहेबाच्या तोंडावर बसायचं होतं, माझा चेहरा त्याला दिसेल असं.

माळावर मांडव मोठा झोकात घातला होता. केशरी-पांढरा कापडी मंडप, सतरंज्या, पुढं नारदाच्या गादीसाठी पाट, त्यापुढं माइक, खांबाला कर्णा. मांडवाच्या मागं चुली पेटलेल्या. तुपाचा वास साऱ्या माळावर सुटला होता. अख्खं गाव लोटलं होतं. माझ्या शाळेची मुलंही आली होती, शेठनं मुद्दाम सुट्टी मागून घेतली होती. पहिल्या ओळीत शेठची आई, हौसाआई, पांढऱ्या पातळाचा पदर डोक्यावरून घेऊन ताठ बसली होती. एकादशी न चुकवणारी म्हातारी. माझ्यासारखीच कीर्तनाची वेडी. तिच्याशी माझं कधी वाकडं नव्हतं.

मोहरील साहेब जीपमधून उतरले, चारी बाजूंना पाहिलं, मोठा श्वास घेतला.

“किती शांत आहे हो इथं,” ते म्हणाले.

“शांतच आहे साहेब,” शेठ म्हणाला. “पाखरांचा आवाज तेवढा. मुलांच्या मनाला बरं.”

मी पेटी उघडत होते. साहेबांचं माझ्याकडं लक्ष गेलं.

“अरे, मॅडम तुम्हीसुद्धा? म्हणजे मिटलं म्हणायचं.”

“काही मिटलेलं नाही,” मी म्हणाले. “मी साथीला आलेय.”

“बाई अजून रागावल्यात,” शेठ हसत म्हणाला. “बघा ना तोंड. पण बुवांनी आणलं ओढून. बुवांचा शब्द मोडत नाहीत त्या.” मग बुवांच्या जवळ जाऊन खालच्या आवाजात, पण मला ऐकू येईल असं म्हणाला, “बुवा, पूर्वरंग फार लांबवू नका. साहेबांना परत जायचंय. तासाभरात आटपा, म्हणजे पानं वाढता येतील.”

“बरं,” बुवा म्हणाले. अगदी गरीब गाईसारखं.

माझ्या अंगाची आग झाली.

कीर्तन सुरू झालं. गजर झाला, नमन झालं. बुवांचा आवाज त्या दिवशी इतका लागला होता की माझी मलाच लाज वाटली, कारण मन पुन्हा माहेरी जाऊ पाहत होतं आणि मला ते जाऊ द्यायचं नव्हतं. मी स्वर दाबून, कोरडे वाजवत राहिले. बुवांनी एकदा मागं वळून पाहिलं. मी मान फिरवली.

पूर्वरंग संपला. आमच्याकडं मधल्या वेळेला यजमान पुढं येतो, बुवांना हार घालतो, बुवा त्याला बुक्का लावतात आणि तोच हार प्रसाद म्हणून त्याच्या गळ्यात परत घालतात. ज्याच्या गळ्यात तो हार आला, त्यानं शेवटी पंचारती धरायची. आरती होईस्तोवर त्यानं जागचं उठायचं नाही. आमच्या गावात हे कुणी कधी मोडलेलं नाही. एकदा सरपंचाच्या घरी सुनेला कळा सुरू झाल्याचा निरोप आला तरी सरपंच हार घालून बसून राहिला होता, बायकांना पुढं धाडून.

शेठ हार घेऊन उठला. अर्ध्या वाटेत त्याच्या मनात काय आलं कोण जाणे, मोठेपणा सुचला. वळला आणि म्हणाला, “आजचा मान साहेबांचा. साहेब, या. आपल्या हातानं घाला.”

साहेब संकोचले, पण उठले. बुवांना हार घातला. बुवांनी त्यांच्या कपाळाला बुक्का लावला, हार काढून त्यांच्या गळ्यात घातला आणि दोन्ही हात जोडून म्हणाले, “बसा, महाराज. आता आरतीपर्यंत तुम्ही आमचे.”

साहेब हसून बसले. त्यांना वाटलं, बोलायची रीत आहे.

उत्तररंगाला बुवांनी आख्यान लावलं भागू बुरडणीचं. मी चमकले. बुवांची सगळी आख्यानं मला तोंडपाठ होती. कुठं उसासा टाकतील, कुठं लोक हसतील, कुठं मी स्वर लांबवायचा, सगळं. हे आख्यान मी जन्मात ऐकलं नव्हतं.

भागू म्हणे गरीब बुरडीण, टोपल्या विणून पोट भरणारी. तिला स्वप्नात देवानं सांगितलं, उद्या तुझ्याकडं जेवायला येतो. भागूनं गावाला आवतण दिलं. पानं मांडली. सगळा गाव बसला. आणि भागू म्हणाली, पाहुणा आल्याशिवाय वाढायचं नाही.

“लोक म्हणाले, अगं भागे, भात थंड होतोय,” बुवा सांगत होते. “भागू म्हणाली, होऊ दे. निघालाय तो. आणि खरंच हो, देव निघाला होता. पण पायरी उतरला आणि आठवलं, वहाणा राहिल्या. परत गेला.”

लोक हसले. देव वहाणा घेऊन आला तर वाटेत गाय आडवी. गाईला उठवायचं कसं, ती आपली रवंथ करतेय. देव तिथंच बसला. गाय उठली तर पुढं एक म्हातारी, डोक्यावर मोळी द्यायला माणूस नाही. देवानं मोळी चढवली. म्हातारीनं विचारलं, कुणाचा रे तू? झालं, गप्पा सुरू. म्हातारीच्या माहेरची चौकशी, तिच्या सुनेची गाऱ्हाणी. बुवा म्हातारी झाले, बुवा देव झाले, बुवा गाय झाले. मुलं लोळत होती हसून. हौसाआईनं पदर तोंडाला लावला होता.

मांडवाच्या कडेला उभा राहून शेठ मनगटावर बोट आपटत होता. बुवांना दिसलं नसेल असं नाही. पण बुवांचा देव आता नदीपाशी पोचला होता आणि नावाडी झोपला होता.

मला कळेना काय चाललंय. एवढं पाल्हाळ बुवा कधी लावत नसत. उलट शिकवताना मला म्हणायचे, आख्यानाला चरबी चढू देऊ नये. आणि आज? म्हातारा भुललाय, मी मनात म्हणाले. साहेबासमोर कला दाखवतोय. रागानं माझी बोटं आपटायला लागली. तांबोळीकाकांनी तबल्यावरून डोळे वटारले. मी लक्ष दिलं नाही.

स्वयंपाकी येऊन शेठच्या कानाला लागला. साहेबांनी घड्याळ पाहिलं, चुळबुळ केली, उठायला हात टेकला. हौसाआई मागं न वळता म्हणाली, “बसा सायेब. हार हाय गळ्यात.”

साहेब बसले.

इतक्यात लांबून, धावपट्टीच्या दिशेनं, फटाका वाजला. फट्. मग अजून एक.

तो आवाज बोरटेकच्या माणसाला झोपेतसुद्धा ओळखता येतो. दुपारभर बंद पट्टीवर बगळे येऊन बसतात. पट्टी उघडायच्या आधी विमानतळाची माणसं फटाके उडवून त्यांना हाकलतात. मांडवाच्या झालरीखालून मला बगळ्यांची पांढरी फळी उठताना दिसली. सतरंजीवर बसलेल्या माणसांत एक हालचाल झाली, वाऱ्यानं पिकात होते तशी. फक्त साहेबांना काही कळलं नाही. शेठला कळलं. त्याचा चेहरा उतरला.

आणि बुवा माझ्याकडं वळले. एरवी पेटीचा स्वर वाढवायला सांगायचे तसं डोळ्यांनी म्हणाले, वाढव. तेव्हा, बाई गं, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हातारी, मोळी, गाय, झोपलेला नावाडी. बुवा थांबले होते. उभ्या उभ्या, घसा सुकेपर्यंत, पट्टी उघडायची वाट बघत थांबले होते.

मी भाता पूर्ण उघडला.

“आला,” बुवांनी आवाज चढवला. “वेशीपाशी आला. भागूच्या आळीत आला. ऐका, पाऊल वाजतंय. भागू उठली. कडी काढली. दार उघडलं, आणि पाहते तर दारात—”

विमान आलं.

मला ते नीट सांगता येत नाही. आवाज कानानं ऐकायचा असतो. तो आवाज छातीच्या फासळ्यांनी ऐकायला लागतो. मांडवाचं कापड फुगलं आणि फाडकन खाली बसलं. मागं पातेल्यांवरची झाकणं वाजायला लागली. माझ्या पेटीतल्या सुरांच्या पट्ट्या, मी दाबत नसताना, बोटांखाली थरथरत होत्या. कर्णा किंचाळला. तान्ही मुलं एकदम भोकाड पसरून रडली, आणि त्यांचा आवाज कुणाला आला नाही, नुसती लाल तोंडं दिसली.

बुवा तसेच उभे होते. चिपळ्यांचा हात वर, तोंडातला शब्द अर्धा. विमानासाठी ते नेहमीच असे थांबत. पण माझं लक्ष समोर गेलं. माझ्या वर्गातल्या मुलांनी, समोर पुस्तक नव्हतं तरी, आपापल्या तळहातावर बोट ठेवलं होतं. ओळीनं सगळ्यांनी. जिथं गोष्ट थांबली तिथं.

मोहरील साहेबांनी दोन्ही कान झाकले होते. ते त्या बोटांकडं बघत होते.

आवाज गेला. बुवा जिथं थांबले होते तिथून, त्याच स्वरात म्हणाले, “—पाहते तर दारात उभा—”

दुसरं विमान आलं. दुपारभर तुंबलेली सगळी विमानं आता एकामागं एक सुटत होती. दुसऱ्याचा धूर विरला नाही तोच तिसरं.

शेठ तिरासारखा पुढं आला. कर्ण्याच्या वायरीला हात घातला आणि बुवांना म्हणाला, “आता पुरे. आटपा म्हणतो ना.”

हौसाआई उठून उभी राहिली. जिनं हार घातलेल्या माणसाला हलू दिलं नव्हतं, ती स्वतः उठली.

“परताप, हात काढ.”

“आई, तू गप. तुला कळत न्हाई.”

“गादीवर बुवा हायेत. त्यांच्या तोंडात देवाचं नाव हाय. आन तू वायर उपटतोस? बस खाली.”

“आई—”

“बस म्हन्ते. आन आयक. आयक जरा, कुठं साळा बांधाया निगालास ती.”

चौथं विमान त्यांच्या डोक्यावरून गेलं. माय-लेक एकमेकांकडं बघत उभे होते. विमान गेल्यावर शेठनं वायर सोडली आणि मांडवाच्या खांबाला टेकून बसला. त्याच्या आईनं त्याच्याकडं पाठ केली.

भागूच्या दारात कोण उभा होता, ते बुवांनी सांगितलंच नाही. आरतीचा गजर केला. साहेबांच्या हातात पंचारती दिली. प्रत्येक विमानाला ज्योती आडव्या होत होत्या आणि साहेब त्या हातानं झाकत होते.

आरतीनंतर यजमानानं चार शब्द बोलायची पद्धत. साहेबांपुढं माइक आला.

“आज मला इथं—” ते म्हणाले. विमान आलं. ते थांबले.

“आज इथं आल्यावर मला जे—” पुन्हा थांबले. रुमालानं मान पुसली. तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि पुन्हा विमान. माइक खाली घेऊन ते असहायपणे इकडंतिकडं बघायला लागले. काय बोलायचं होतं तेच हरवलं होतं त्यांचं.

मी पेटीमागं बसले होते. त्यांच्यापासून हातभरावर. आवाज विरला तशी मी म्हणाले, “थांबा साहेब. दोन-तीन सेकंद. त्यात काय?”

मी काही ओरडले नाही. पण माइक त्यांच्या हातात उघडा होता आणि ते शब्द कर्ण्यातून साऱ्या माळावर गेले. कुणी हसलं नाही.

साहेबांनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. मग गळ्यातला हार काढून गादीवर ठेवला, वाकून नमस्कार केला आणि न जेवता जीपकडं गेले. जाताना माझ्याजवळ थांबले.

“मॅडम, तुम्ही हे सुनावणीत नीट सांगायला हवं होतंत.”

या माणसाला काय म्हणायचं? मी नीटच सांगितलं होतं. काचा लावलेल्या खोलीत, हात जोडून सांगितलं होतं. माझ्या जिभेवर जे आलं ते देवाच्या मांडवात बोलण्यासारखं नव्हतं. मी म्हणाले, “जेवून जा. पानावरून उठून गेलात असं नको.” त्यांनी मान हलवली आणि गेले.

त्या संध्याकाळी बुवा आणि मी बैलगाडीनं परतत होतो. पेटी आमच्या मधे. बुवांचा आवाज बसला होता, घोगरं बोलत होते.

“मला का नाही सांगितलंत?” मी विचारलं.

“काय?”

“बुवा, सोंग पुरे. आधी सांगितलं असतंत तर मी तुम्हाला मनात इतकं वाईटसाईट बोलले नसते. देवळातसुद्धा—”

“म्हणून तर नाही सांगितलं,” बुवा म्हणाले. “तुझं तोंड म्हणजे उघडं दार आहे, कुंदा. आत काय आहे ते रस्त्यावरून दिसतं. तुला माहीत असतं तर तू आज खुशीत बसली असतीस आणि प्रतापनं तेवढ्यावरून ओळखलं असतं. तू फणफणत बसलीस म्हणून तो निर्धास्त राहिला. मला तुझा राग लागणार होता. खरा. सोंगातला चालला नसता.”

मी पेटी सावरून धरली. मग मला त्यांचाच राग आला. माझा राग त्यांनी न विचारता वापरला म्हणून. आणि हसूही आलं.

“आणि भागूच्या दारात कोण होतं?”

“मला काय माहीत?” बुवा म्हणाले. “मी विमानाची वाट बघत होतो. तिथवर पोचलो हीच त्याची कृपा.” त्यांनी डोळे मिटून हात जोडले. मग डोळे न उघडताच म्हणाले, “हा राग टाकून देऊ नकोस हं. पेटीसारखा झाकून, कोरड्या जागी ठेव. लागेल पुन्हा.”

आराखड्यातला हिरवा रंग तसाच राहिला. शाळा रस्त्याकडेलाच राहिली, गावानंच तिचं छप्पर बदललं. मोहरील साहेबांची बदली झाली, चांगल्या जागी की वाईट, मला ठाऊक नाही. बुवा त्यानंतर थोडीच वर्षं होते; जाताना आपलं उपरणं आणि चिपळ्या माझ्या हाती देऊन गेले. हौसाआई त्यांच्या आधी गेली.

तिच्या माघारी प्रतापशेठनं पुन्हा अर्ज केला. त्याच माळावर आता त्याला बाळंतपणाचा दवाखाना बांधायचा होता, आईच्या नावानं. पुन्हा सुनावणी, पुन्हा नवे साहेब, पुन्हा काचा लावलेली खोली. नवे साहेबही सभ्य होते. मी सगळं सांगितल्यावर म्हणाले, “बाई, तान्ह्या मुलांना कुठं काय कळतं?”

मी वाद घातला नाही. घरी आले, खुंटीवरचं बुवांचं उपरणं काढलं, चिपळ्या पुसल्या आणि शेठला निरोप पाठवला की आईंच्या नावानं दवाखाना होतोय, माळावर एक कीर्तन करायची माझी इच्छा आहे. साहेबांनाही बोलवा, हाराचा मान त्यांनाच देऊ.

त्यानं होकार कळवला, वेळ दुपारचीच दिली; धावपट्टीचं काम पुन्हा निघालं होतं आणि दुपारी ती बंद असायची. बाई निवळल्या, असं त्याला वाटलं.

आख्यान कुठलं लावायचं, हा प्रश्न नव्हता.